शिक्का कुणाच्या खिशात?

"अध्यक्षीणबाईचा शिक्का तिच्या नवऱ्याच्या खिशात असतोय म्हणे," अक्का म्हणाल्या आणि निवडलेली कोथिंबीर त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. भाजी भिंतीवर आली की समजायचं, आज दोन्ही घरांत जेवायला उशीर.

"कुठली अध्यक्षीण?"

"अवो, आपल्या दूधवालीच्या गावची. पंचायतीचं अध्यक्षपद बायकांना राखीव पडलं, ही बसली. सही हिची, पण पंचायत विकास अधिकारी, त्या पीडीओसमोर खुर्ची ओढून बसणार तो, कंत्राटदाराशी बोलणार तो, आणि ही घरात रागीच्या मुद्द्याचे गोळे वळत बसल्या. असल्या आरक्षणाचा उपयोग काय, सांगा बघू."

अक्का मूळच्या खानापूरच्या, बेळगावकडच्या. जुन्या मद्रास रोडला प्लॉट स्वस्त होते तेव्हा होसकोट्यात घर बांधून राहिल्या. मी माण तालुक्यातली, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेली. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळूरबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, सिरा हा सगळा मुलूख होता, हे अक्कांना पाठ आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करताना तो हक्क त्या बेलाशक वापरतात.

"उपयोग नाही असं कसं?" मी म्हटलं. "शिक्का नवऱ्याच्या खिशात असला तरी गावात पाणी येतं. मोजून पाहिलंय लोकांनी."

"कुणी मोजलंय?"

"राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो. डुफ्लोबाई म्हणजे त्याच, 2019 साली अभिजित बॅनर्जींबरोबर नोबेल मिळालं त्या. बंगालातला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, इथल्या पंचायती त्यांनी तपासल्या. कुठलं प्रमुखपद बाईला जाणार हे तिथं गावाकडे बघून ठरत नव्हतं, यादीत नंबर लागेल तसं ठरत होतं. म्हणजे राखीव गावं आणि बाकीची गावं एरवी सारखीच. फरक दिसलाच तर तो बाईमुळे. आणि दिसला. बाई प्रमुख होती तिथं पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली. 2004 साली छापलंय त्यांनी."

"पाण्याची होणारच. घागर कुणाच्या कमरेवर असत्या?"

"गंमत पुढंच आहे. उदयपूरकडं रस्त्यांची तक्रार पुरुष करायचे, बायका फारशा नाही. तिथं बाई आल्यावर रस्त्यांकडं लक्ष कमी झालं. बीरभूममध्ये रस्त्याच्या कामावर बायका मजुरीला जायच्या, म्हणून त्यांना रस्तेही हवे होते. तिथं बाई आल्यावर रस्ते सुधारले. म्हणजे बाई आली की पाणी आणि पाळणाघर, असं काही ठरलेलं नाही. जिथं तिची मजुरी तिथली ती तक्रार करते."

अक्कांनी एक देठ खुडला. "आणि तिथं शिक्का घेऊन फिरणारे नवरे नव्हते व्हय?"

"होते की. बऱ्याच जणी शिक्षणानं कमी, राजकारणाचा अनुभव नाही, नवऱ्याच्या मदतीनं काम करणाऱ्या. तरी फरक पडला."

कसा पडला, याचा मी आपला एक अंदाज बांधलाय. रात्री ताट वाढताना घरात काय बोलणं होतं, ते कुठल्याच अहवालात येत नाही.

"मग आता माझं ऐका," अक्का पुढं सरकल्या. "शिक्क्याचं काय घेऊन बसलासा, आता पंचायतीचं बिल डिजिटल सहीचा डोंगल लावल्याशिवाय निघत नाही. एक पीडीओचा, एक अध्यक्षांचा. तो डोंगलबी ह्याच्याच खिशात. पण घरातल्या गाई कुणाच्या? बाईच्या. डेअरीची सभासद ती. दुधाचं बिल तिच्या खात्यात, वर सरकारचे लिटरमागं 5 रुपये, तेबी तिच्याच खात्यात. आता ह्याला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा होता. गेला मागायला. ती म्हणाली, डोंगल ठेवा इथं, मग बघू."

"मग?"

"ठेवला की! जातोय कुठं? उद्या फायनान्सवाले ट्रॅक्टर ओढून नेणार."

"आणि मघाशी तुम्ही मला विचारत होता, उपयोग काय म्हणून?"

"आरक्षणाचा उपयोग काय म्हटलं मी. गाईचा उपयोग काय, असं कुठं म्हटलं?"

इथं खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण खुर्चीच नसती तर तिनं डोंगल तरी कुठला मागितला असता? हे मी बोलून दाखवलं. अक्कांनी लगेच मोर्चा दुसरीकडं वळवला.

"खुर्ची म्हणाल तर ती आमच्या कर्नाटकानं आधी दिली." खानापूरच्या मराठी माणसाच्या तोंडून 'आमचं कर्नाटक' सहसा ऐकू येत नाही, पण महाराष्ट्राला टोमणा मारायचा असला की अक्कांना ते चालतं. "1983 चा कायदा. हेगड्यांचं सरकार, नझीरसाब मंत्री. गावोगाव बोअर मारून हापसे बसवले म्हणून लोक त्यांना नीरसाबच म्हणायचे. 1987 च्या निवडणुकीत शंभरातल्या 25 जागा बायकांच्या. तुमच्या महाराष्ट्राला कधी जाग आली?"

"1990 ला, 30 टक्के. मग 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती आली आणि साऱ्या देशालाच एक तृतीयांश जागा द्याव्या लागल्या. निम्म्या जागा तुम्ही 2010 ला दिल्या, आम्ही 2011 ला. पण कायद्याच्या आधीचं सांगू का? आमच्या बारामती तालुक्यात निंबूत म्हणून गाव आहे. 1963 साली तिथं अख्खी पंचायत बायकांची होती, कमलाबाई काकड्यांच्या पुढारपणाखाली. अशा सगळ्या बायकांच्या पंचायतींवर बिशाखा दत्तांनी 1998 मध्ये एक इंग्रजी पुस्तक काढलं. त्याचं नावच आहे, 'आणि चपात्या कोण करणार?'"

"बरोबर विचारलंय. पंचायतीची सभा महिन्यातनं एकदा, चपात्या दिवसातनं दोनदा. आधी चपात्यांचं ठरवा आणि मग खुर्चीचं बोला." अक्का हसल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगा. बायका आल्या की लाच कमी होत्या म्हणतात, ते खरं काय?"

"2001 साली दोन निरनिराळ्या अभ्यासांत देशोदेशीचे आकडे मांडले होते. संसदेत बायका जास्त तिथं भ्रष्टाचार कमी, असं निघालं. मागाहून दुसऱ्यांनी शंका काढली. जिथं कारभार मुळात उघडा असतो, वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथंच बायकांना वर यायला मिळतं आणि तिथंच लाचही कमी चालते. मग श्रेय बाईचं की कारभाराचं?"

"कुणाचंच नाही. बायकांना अजून वाटाच कुणी देत नाही, खाणार काय?"

दोन्ही बाजूंच्या आकड्यांपेक्षा मला हे जास्त पटलं.

कंपनीची पांढरी बस गल्लीच्या तोंडाशी थांबली. नरसापूरच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली असावी. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या पोरी भराभर उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या पीजीत शिरल्या. फोन जोडणाऱ्या पोरी या. कोलारच्या, चिंतामणीच्या, पार उत्तर कर्नाटकातल्याही. अक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"आमच्या वरच्या खोलीत आधी एक गार्मेंटची बाई राहायची," त्या म्हणाल्या. "2016 ला ती रस्त्यावर बसलेली. पीएफचं झालं होतं न्हवं का ते?"

ते प्रकरण मला नीट आठवतं. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नियम काढला, की नोकरी सुटली तरी पीएफमधला मालकाचा वाटा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. दिल्लीत बसून पाहिलं तर ठीकच वाटेल, म्हातारपणाची सोय. पण शिलाई मशीनवर 58 पर्यंत टिकतं कोण? डोळे जातात, पाठ जाते, चाळिशीत बाई घरी बसते. त्या पीएफवर पोरीचं लग्न, घराचं छप्पर, सावकाराचं देणं असे सगळे बेत ठरलेले. 18 एप्रिलला बेंगळूरच्या गार्मेंट कारखान्यांतल्या बायका रस्त्यावर आल्या. कुठल्या पक्षानं बोलावलं नव्हतं, युनियनचे पुढारीसुद्धा मागनं धावत आले. होसूर रोड बंद, दुसऱ्या दिवशी तुमकूर रोड बंद. लाठीमार झाला, दगडफेक झाली, बसही जळल्या. ते चांगलं झालं असं कुणी म्हणणार नाही. पण 19 तारखेच्या संध्याकाळपर्यंत कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेयांनी तो नियम मागं घेतल्याचं सांगून टाकलं. दोन दिवसांत!

"यात आरक्षण कुठं होतं?" अक्कांनी नेमकं बोट ठेवलं. "खुर्ची नाही, शिक्का नाही. पैसा तिचा होता म्हणून बसली रस्त्यावर."

"आमच्या म्हसवडचंही तसंच," मी म्हटलं. माहेरची गोष्ट आली की मला आवरत नाही. "चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला. का, तर सभासद बायकांचे अंगठे! निरक्षर बायकांच्या बँकेला परवाना कसा द्यायचा? चेतनाताई रडल्या, बायका मात्र शिकायला बसल्या, आणि पुन्हा साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे साहेब यंत्राशिवाय काढतात का बघू. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली."

"मग पंचायतीतबी ह्याच बायका बसवा की. व्याज तोंडी येतंय म्हटल्यावर बजेट वाचायला कितीसं लागतंय?"

"तेच तर म्हणते मी. ज्या बाईनं बचत संघाचं पासबुक पाच वर्षं सांभाळलंय, तिला ग्रामसभेत 'बिल कुठाय' म्हणून विचारायला भीती वाटत नाही."

"संघाचं माहिती आहे मला. आमच्या संघात बिल दाखवल्याशिवाय चहाचे पैसेसुद्धा मिळत नाहीत." अक्का थांबल्या, मग खोडसाळपणे म्हणाल्या, "आणि आम्हाला गृहलक्ष्मी योजनेचे 2000 येतात, ते कशात बसवतासा तुम्ही? गाईच्या पैशात की सरकारच्या?"

ही आमची नेहमीची भांडणाची जागा. माझं म्हणणं ठरलेलं आहे. सरकारनं दिलेला पैसा सरकारच्या मर्जीवर. इथं हप्ता कधी अडकतो तेव्हा बायका बँकेत खेटे घालतात. तिकडं महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे 1500 जुलै 2024 पासून लागू झाले, विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात. निवडणूक उरकल्यावर छाननी निघाली आणि लाखो नावं गळाली. दुधाचं बिल असं मतदानानंतर गळत नाही. शिवाय पैसे देणाऱ्याला हिशेब विचारायला जीभ उचलत नाही, मग तो नवरा असो नाहीतर सरकार.

"झालं तुमचं?" अक्का म्हणाल्या. "आता सांगा, साहेब तुम्हाला महिन्याला घरखर्चाला देतात ते कुठल्या छाननीनंतर?"

मी कोथिंबिरीकडं बघितलं.

"राग मानू नका. 2000 रुपयांनी कुणी अध्यक्ष होत नाही, मला कळतं. पण दाताच्या डॉक्टरकडं जायला मी कुणाला विचारलं नाही. जून 2023 पासनं बस फुकट झाली, तवापासनं मार्केटला फुलं आणायला मी एकटी जाते. आधी रिक्षाचे पैसे मागायचे, म्हणजे कशाला जायचं ते सांगायचं. आता सांगत नाही. लाच म्हणा, भीक म्हणा. घराबाहेर पडलेली बाई ग्रामसभेलाबी जाते. घरातच बसलेली कशी जाईल?"

त्यांच्या या बोलण्यात तथ्य आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. माझं मत अजून तेच, पण थोडं ढिलं झालंय.

"जायचं म्हटलं तरी कुठं कुठं जायचं," मी विषय बदलला. "कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्येच संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही, अधिकारी कारभार बघत राहिले. महाराष्ट्रातही 2022 पासून तीच रड होती. 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं खडसावलं तेव्हा कुठं हालचाल झाली. निम्म्या जागा बायकांच्या म्हणायच्या, पण शून्याचं निम्मं किती?"

"आणि वर?"

"वर तर बघायलाच नको. 2024 च्या लोकसभेत 543 मध्ये 74 बायका. तेहतीस टक्क्यांचा कायदा 2023 मध्ये झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधून ठेवलाय."

अक्कांना त्यात रस नव्हता. त्यांचं लक्ष पलीकडच्या घराकडं गेलं होतं. तिथं दारात दोन गाड्या उभ्या होत्या.

"बघितलासा? तिन्ही बहिणी आल्यात त्यांच्या. एरवी गौरीच्या सणाला बागिनाचं वाण पाठवून मोकळा होणारा भाऊ, यंदा स्वतः गाडी घेऊन आणायला गेला. साड्या काय, जेवण काय!"

"जमीन?"

"मग दुसरं काय? चेन्नईचा एक्स्प्रेसवे होसकोट्यापासनं सुरू होतो, रिंग रोड झाला. रागीच्या शेताला सोन्याचा भाव. विकायचं म्हटलं की रजिस्ट्रारकडं बहिणींची सही लागत्या. म्हणून हा पाहुणचार."

कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क 1994 लाच दिला होता, पण लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या 9 सप्टेंबरपासून तो देशभर सगळ्या हिंदू मुलींना मिळाला. या दोन राज्यांत त्या पहिल्या दुरुस्तीचं पुढं काय झालं, हे अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं. मुलींना जमीन मिळण्याचं प्रमाण वाढलं, मुलींचं शिक्षणही वाढलं, पण मुलाच्या बरोबरीला काही त्या आल्या नाहीत. यायच्या कशा? कायद्यानं दिलेला हक्क जेवणाच्या पंगतीत परत घेतला जातो. हक्कसोडपत्र म्हणून एक कागद असतो, त्यावर बहीण सही करते आणि साडी घेऊन सासरी जाते.

"अक्का, शरद जोशींचं ऐकलंय तुम्ही? शेतकरी संघटनेचे? 1986 ला चांदवडला त्यांनी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. पंचायती बायकांनी लढवायच्या असं ठरलं, आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये 1989 ला अख्खी पंचायत बायकांनी जिंकली. पण जोशी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढं लक्ष्मीमुक्ती काढली. ज्या गावात शंभर घरांनी थोडी का होईना जमीन बायकोच्या नावावर केली, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आधी खुर्ची, मागोमाग सातबारा."

"दुसऱ्या देशांत?"

"आफ्रिकेतल्या रवांडानं उलटं केलं. 1999 मध्ये मुलींना वारसाहक्क दिला, 2003 च्या घटनेत तीस टक्के जागा राखीव केल्या, आणि 2008 ला जगात पहिल्यांदा तिथल्या संसदेत बायका निम्म्याहून जास्त झाल्या. आता तर शंभरात चौसष्टच्या आसपास आहेत. पण तिथं सरकारच्या विरोधात तोंड उघडायची चोरी, त्यामुळं बायका किती यावरनं कारभार कसा, ते ओळखता येत नाही."

अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पलीकडच्या घरातनं हसण्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आमच्या भावाचाबी फोन आला होता. गोव्याच्या रस्त्याला आमचं शेत लागतं. सहीला ये म्हणाला."

"मग?"

"मग काय? करून टाकते. आमचा बाप 2005 च्या आधीच गेला. आम्हाला कसला हक्क? आणि भावाशी वाकडं घेऊन माहेर कुणी तोडावं?"

"वडील कधी गेले ते आता बघत नाहीत अक्का. 2020 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय. मुलीचा हक्क जन्मापासनं, वडील 2005 ला हयात असायलाच हवेत असं नाही. पण 20 डिसेंबर 2004 च्या आधी वाटणी रजिस्टर झालेली असली तर ती मोडता येत नाही. तुमच्याकडं झाली होती?"

"वाटणी? मला कोण सांगतंय?"

"वकिलाला दाखवा. सही करायची तर खुशाल करा, पण काय सोडताय ते वाचून तरी करा."

अक्कांनी पदराला हात पुसले. मोबाइल कमरेला होता. त्यांनी नंबर लावला आणि मी ऐकावं म्हणून असेल, स्पीकर चालू केला. पलीकडनं भाऊ लगेच बोलला, "अक्का, कधी येतेस मग सहीला? गाडी पाठवू?"

"गाडी नको रे, बस फुकट आहे. येते की. पण येताना मला सगळ्या सर्व्हे नंबरांचे उतारे लागतील. आणि आपली वाटणी रजिस्टर कधी झाली, झाली असली तर, तो कागदबी काढून ठेव."

तिकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग भाऊ म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?"

"शेजारणीनं," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. "म्हसवडची आहे. व्याजबी तोंडी काढते."